आधी सलाम कोणाचा

अकोल्याच्या त्या ख्रिस्ती मंडळीत नम्रपणाचा विषय निघाला की लोक सुभद्राबाईंचं नाव घेत, आणि सुभद्राबाई ते ऐकून मान खाली घालत. मान खाली घालायचीही त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी डोळे मिटायचे, मग हनुवटी खाली, मग दोन्ही हात पदराखाली. भगिनी मंडळातल्या तरण्या सुना घरी जाऊन तिची नक्कल करीत. पण बाई खरोखर राबायच्या, हे त्याही कबूल करत. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेला, नवरा खुशालराव चर्चचे पंच होते, ते गेल्यावर बाईंनी चर्चलाच घर केलं. दर शनिवारी जठारपेठेतून रिक्षा करून मोर्णा नदीच्या पुलापलीकडं जुन्या शहरात यायच्या, चर्च झाडायच्या, बाकं पुसायच्या, प्रभुभोजनाचा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटायचा, रविवार असला की मेज मांडायच्या. देवराव चौकीदार पगारी होता, तरी त्याच्या हातातला झाडू काढून घेत आणि म्हणत, "मी प्रभूच्या घरची झाडूवाली." देवरावाला फक्त एवढंच उमगलं नव्हतं, की झाडूवाली व्हायचं तर त्याला शेजारी उभं करून का व्हायचं.

या सगळ्या नम्रपणात एकच खोट होती. तिचं नाव मैना.

मैना त्याच दवाखान्यात आया होती. दोघी तरण्या असताना एकाच वार्डात लागल्या. मैना वयानं थोडी लहान. लहानपणी मोडलेला तिचा एक पाय वाकडाच बसला होता, त्यामुळं ती चालली की एक पाऊल पडायचं आणि दुसरं घसटायचं. टप, घस. टप, घस. पेशंट तिला तेवढ्यावरून ओळखत. रातपाळीला दोघी एकाच डब्यातली भाकर आणि ठेचा खात. मैनेच्या लग्नात सुभद्राबाई साक्षीदार म्हणून उभ्या राहिल्या. पुढं सगळ्या जगाला त्या काकू झाल्या, पंचीणबाई झाल्या, मैना तेवढी त्यांना 'सिस्टर' म्हणत राहिली.

मग एका ईस्टरच्या आधी ते झालं. प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचा पांढरा टेबलक्लॉथ सुभद्राबाईंनी स्वतः क्रोशानं विणलेला. सणासाठी तो धुऊन आणावा म्हणून मैनेनं कोणाला न विचारता घरी नेला, आणि नव्या लाल पातळासोबत भिजत घातला. एका कोपऱ्याला गुलाबी डाग पडला, तो काही केल्या जाईना. भगिनी मंडळाच्या बैठकीत सगळ्यांदेखत सुभद्राबाई म्हणाल्या, "प्रभूचं मेज म्हणजे वार्डातली खाट नव्हे. ते आयाचं काम नाही." आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर बरं झालं असतं, भांडण होऊन मिटलं तरी असतं. मैना उठली आणि घसटत्या पायानं निघून गेली.

या मंडळीत उपासना सुटली म्हणून कोणी लगेच घरी पळत नाही. सगळे अंगणात रांगेनं उभे राहतात, एकमेकांच्या हातात हात देतात आणि 'सलाम' म्हणतात. लहानानं मोठ्याला आधी करायचा, ही जुनी रीत. त्या ईस्टरपासून मैना सगळ्यांना सलाम करत यायची आणि सुभद्राबाईंपाशी आली की तिचा हात पदराकडं जायचा. सुभद्राबाईंची हनुवटी खाली. असे कितीतरी रविवार गेले. पाळकसाहेबांनी एकदा हळूच विषय काढला तर बाई म्हणाल्या, "मी कवाचीच तयार आहे. पण लहान ती आहे ना." बाई रोज या गोष्टीसाठी प्रार्थनाही करत. प्रार्थना अशी, की मैनेचं मन नरम व्हावं.

मैनेचा नवरा वारला आणि मुलगा प्रीतम तिला अमरावतीला घेऊन गेला. चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढं तिचं नाव राहिलं.

त्या शुक्रवारी संध्याकाळी सुभद्राबाईंनी फोन उघडला आणि ग्रुपवर ओळीनं श्रद्धांजल्या दिसल्या. भावपूर्ण श्रद्धांजली. प्रभू कुटुंबाला सांत्वन देवो. हात जोडलेले, मेणबत्त्या. वर सरकवत गेल्या तर मैनेचा फोटो. फुलांच्या ताटव्यापुढं उभी, डोक्यावरून पदर, हसू दाबलेलं.

बाई खुर्चीवर बसल्या. आणि सगळ्यात आधी त्यांना काय वाटलं असेल, तर हलकं वाटलं. दुःख मागून आलं, भरपूर आलं, पण आधी आलं ते हे, की चला, आता आधी कोणी सलाम करायचा हा प्रश्न मिटला. मनात आलं ते आलं. बाईंनी लगेच त्यावर झाकण घातलं आणि चष्मा लावून ग्रुपवर लिहायला बसल्या. लांबलचक लिहिलं. 'माझी धाकटी बहीण मैना, जिच्या पायाशी बसायचीही माझी लायकी नव्हती...' लिहिता लिहिता स्वतःच रडल्या. मेलेल्यापुढं वाकायला कमरेला त्रास होत नाही, हे काही त्या एकट्यांचं वैगुण्य नव्हे. मग प्रभुभोजनाच्या आधी दर वेळी करत तसं त्यांनी उपास धरला आणि फोन बंद करून कपाटात ठेवला. मन एकाग्र राहावं म्हणून. हाही नेम सगळ्या मंडळीला माहीत होता, कारण त्यांनीच सांगितला होता.

शनिवारी माती असणार, अमरावतीला जायला हवं होतं. बाई गेल्या नाहीत. उपास आहे, मेज मांडायचं आहे, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. ऊन कलल्यावर चर्चला आल्या. देवराव मागच्या नळावर हंडे भरायला गेला होता. आत वरच्या झरोक्यांतली कबुतरं घुमत होती. बाईंनी झाडून घेतलं, बाकं पुसली, आणि मेजावर टेबलक्लॉथ पसरला. डागाचा कोपरा नेहमी भिंतीकडं करायचा, तसा केला. काचेचे छोटे प्याले आणायला आतल्या खोलीत गेल्या. परत आल्या तर डागाचा कोपरा पुढं होता.

आपणच विसरलो, असं म्हणत त्यांनी कापड फिरवलं. प्याले मांडले, उरलेले आणायला गेल्या, आल्या. कोपरा पुन्हा पुढं. उतरत्या उजेडात तो डाग गुलाबी दिसत नव्हता, ओला दिसत होता. बाईंनी बोट लावून पाहिलं. कोरडा होता.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंद होत होत थांबला आणि तो थांबल्यावर कळलं, की कबुतरांचा आवाजही येत नाही. आत्ता तिकडं अमरावतीत मैनेवर माती टाकून लोक घरी निघाले असतील, असं बाईंच्या मनात आलं. ते येऊ द्यायला नको होतं. कारण बाहेरच्या फरशीवर टप झालं. मग घस.

टप, घस. टप, घस. सावकाश, दमलेल्या माणसासारखं. पायऱ्या चढून ते दारापाशी आलं आणि थांबलं. बाईंची दाराकडं पाठ होती. हातात एक प्याला होता, तो मेजावर ठेवायचं राहून गेलं.

"सलाम, सिस्टर."

आवाज मैनेचा. यात संशयाला जागाच नव्हती. त्या हाकेत राग नव्हता, हेच भयंकर होतं. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती, दवाखान्यात भुताखेताच्या गोष्टी करणाऱ्या पेशंटना दम देणाऱ्या सुभद्राबाई. आणि त्या घडीला त्यांना बायबलातलं काही आठवलं नाही. आठवलं ते लहानपणी गावात ऐकलेलं. गेलेलं माणूस हाक मारतं तेव्हा ओ द्यायची नसते. ओ दिली की ते घेऊन जातं. तिसरी हाक आली तर जिवंत माणूस समजायचं, तोवर गप्प राहायचं.

"सलाम, सिस्टर." या वेळी आवाज थोडा खाली गेला होता.

बाई तिसऱ्या हाकेची वाट बघत उभ्या राहिल्या. तिसरी हाक आली नाही. टप, घस, आवाज पायऱ्या उतरून गेला. कबुतरं पुन्हा घुमू लागली तेव्हा कुठं बाईंनी मागं पाहिलं. दारात कोणी नव्हतं. देवराव हंडा घेऊन आला, त्यानं विचारलं, "काहो काकू, घाम काहून आला एवढा?" कोणी आलं होतं का, असं त्याला विचारलं तर म्हणाला, "मी नळावर होतो, मले काय दिसते तठून." बाईंनी घरी गेल्यावर सगळे दिवे लावले आणि दिव्यांखाली बसून राहिल्या.

रविवारी चर्च भरलं. पाळकसाहेबांच्या बायको रश्मीबाई सूचना द्यायला उभ्या राहिल्या आणि त्यांचा चेहरा जरा तापलेला होता.

"शुक्रवारी ग्रुपवर जे झालं त्याची मला लाज वाटते," त्या म्हणाल्या. "मैनाबाईंच्या सुनेनं प्रार्थनेची विनंती टाकली होती. फोटोखालचा मजकूर पूर्ण उघडूनही न बघता बुधाजींनी श्रद्धांजली टाकली, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनी. मैनाबाई जिवंत आहेत. अमरावतीला दवाखान्यात आहेत, उद्या पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. त्यांच्यासाठी प्रार्थना करा. आणि यापुढं आधी वाचत चला." लोक हसले. बुधाजी पेटीमास्तर पेटीच्या मागं जमेल तेवढे लपले.

सुभद्राबाई हसल्या नाहीत. मैना जिवंत आहे, म्हणजे काल ती आली होती. दुखणं घेऊन, घसटता पाय ओढत, कोणाला तरी गाडी करायला लावून आली होती. आपण लिहिलेलं वाचून आली असेल. ऑपरेशनच्या आधी मन मोकळं करायला आली असेल. तिनं आधी सलाम केला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते तिनं केलं, एकदा नाही, दोनदा केलं. आणि आपण पाठ दिली. तिसरी हाक आली नाही, ते मैना भूत होती म्हणून नाही. दोनदा अपमान झालेलं जिवंत माणूस तिसऱ्यांदा कशाला हाक मारेल? उद्या ती टेबलावरून उठली नाही तर हा अपमान घेऊनच जाईल.

पाळकसाहेब प्याल्यांवरचं कापड उचलत होते, तेव्हा सुभद्राबाई उठल्या आणि मधल्या वाटेनं सरळ दाराकडं चालू लागल्या. प्रभुभोजन सोडून त्या गेल्या असं कधी झालं नव्हतं. कोणीतरी चक्कर आली समजून पाणी घेऊन मागं धावलं. बाई स्टँडवर पोचल्या आणि अमरावतीच्या गाडीत बसल्या.

मूर्तिजापूर येईपर्यंत त्या फक्त घाबरलेल्या होत्या. मूर्तिजापूरनंतर डोकं चालू लागलं, आणि माणसाचं डोकं चालू लागलं की काय सुचतं ते सांगायला नको. ऐकू आलं नाही म्हणून सांगावं. एका कानात यंत्र आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, यंत्राची बॅटरी संपली होती म्हणावं. मैनेचा राग जाईल, आपलीही शोभा राहील. बडनेरा आलं तोवर वाक्य पाठ झालं होतं.

वार्डात ओळीनं खाटा होत्या. मैना शेवटच्या खाटेवर, हाताला सलाईन, अंग एवढंसं झालेलं. तिची सून प्रणाली मोसंबी सोलत बसली होती. बाईंना बघून प्रणाली उठली, तिनं स्टूल दिलं. मैनेनं नुसतं बघितलं. ते डोळे जिवंत होते, आणि त्या डोळ्यांपुढं पाठ केलेलं वाक्य बाईंच्या तोंडातून निघेना.

"मैना, मी खोटं सांगायचं ठरवून आलती," त्या म्हणाल्या. त्यांचा सगळा शिकलेपणा गळून पडला होता, बोली माहेरची निघाली. "ऐकू आलं नाही म्हणणार होती. पण आलं होतं. दोन्ही वेळा आलं होतं. मले वाटलं तू मेली, अन् हे तुहं भूत आलं. म्हणून पाठ करून उभी रायली. अन् अजून सांगते. तू गेली असं वाचलं तवा मले आधी हलकं वाटलं. रडली मी मंग. तू अशा दुखण्यात एवढ्या दूर आली, आधी सलाम केला, अन् मी ओ नाही दिली. ते आयाचं बोलली ते बी माहंच चुकलं. त्याच दिवशी समजलं होतं मले. मले माफ कर."

शेजारच्या खाटेवरची बाई खाता खाता थांबली होती. प्रणालीनं सासूकडं बघितलं, मग सुभद्राबाईंकडं.

"मावशी, काय बोलून राहिल्या तुमी? आई कोठी आलती? चार दिवस झाले, सलाईन सुरू आहे. बाथरूमले न्यायचं तरी दोघं लागतात."

वार्डातला पंखा फिरत होता, तरी बाईंच्या पाठीवर कालचाच घाम आला.

"मी नाही आलती, सिस्टर," मैना म्हणाली. आवाज तोच. "अन् खरं सांगू? येणारबी नव्हती. परनालीनं तुही श्रद्धांजली वाचून दाखवली मले. म्हटलं, वा, मेल्यावर बहीण झाली मी. तवाच ठरवलं, हिचं तोंड पाहायचं नाही. चूक तुही होती. आधी मी काहून करू सलाम?"

सुभद्राबाई ज्या जमिनीवर उभ्या राहून इथवर आल्या होत्या ती जमीनच नव्हती. मैनेनं सलाम केलाच नव्हता. अकोल्यापासून इथवर बाई त्या सलामाला उत्तर द्यायला आल्या होत्या, आणि ते उत्तर नव्हतंच, पहिला सलाम होता. आधी त्याच आल्या होत्या. आणि हे कळल्याबरोबर छातीतलं जुनं काहीतरी उठून बसलं. म्हणजे आपण उगाच एवढं बोललो? परक्या लोकांपुढं? हनुवटी खाली जाऊ लागली, हात पदराकडं निघाले. बाईंनी ते पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपले हात निघालेले दिसले. फार वाईट वाटलं. त्यांनी हात बाहेर काढले आणि सलाईन नसलेला मैनेचा हात धरला.

"सलाम, मैना."

"मी आली नव्हती, हे समजलं ना तुले आता?"

"समजलं."

"तरी करते?"

"हो."

मैनेनं तो सलाम थोडा वेळ तसाच राहू दिला. तेवढा तिचा हक्क होता. मग कोरड्या ओठांनी "सलाम" म्हणाली, आणि हात काढून घेतला नाही.

प्रणाली औषधं आणायला खाली गेली. प्रीतम डॉक्टरांशी बोलत होता. दोघीच राहिल्या तेव्हा मैना हळूच म्हणाली, "सिस्टर, मंग काल कोण आलतं?"

सुभद्राबाईंनी तिच्या अंगावरची चादर सरळ केली.

"आवाज माहाच होता?"

"तुहाच. पाय बी."

"लोक म्हणतात, जायच्या आधी माणसाचा आवाज फिरून येते. ज्याच्यापाशी काही राहून गेलं त्याच्या दारी." मैनेचा हात गार पडत चालला होता. "उद्या ऑपरेशन आहे माहं."

किती पेशंटना सुभद्राबाईंनी असल्या बोलण्यावरून झापलं होतं. वेडी आहेस का, म्हणायचं, डोक्यावर हात ठेवायचा, प्रार्थना करायची, आणि पुढच्या खाटेकडं जायचं. ते सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. मैना त्यांच्याकडं बघत होती, सिस्टर आता काय म्हणते याची वाट बघत.

"मलेबी लय भेव वाटून राहिलं, मैना," सुभद्राबाई म्हणाल्या. "रात्री मी अठीच थांबते. चालन का तुले?"

मैनेनं वार्डाच्या उघड्या दाराकडं बघितलं. बाहेरच्या लांब व्हरांड्यात अजून दिवे लागायचे होते.

"थांब," ती म्हणाली. "पण दाराकडं पाठ करून नको बसू."

सुभद्राबाईंनी स्टूल उचललं, खाटेच्या दुसऱ्या बाजूला नेलं, आणि तिचा हात पुन्हा हातात घेऊन दाराकडं तोंड करून बसल्या.